आधी आई बघा, मग पिल्लू



मागच्या आठवड्यात आमच्या गुंजीतल्याच एका ओळखीच्या पोरानं मोबाईल माझ्यापुढं धरला. "काका, हे लॅब्राडोरचं पिल्लू बघा. ४५ दिवसांचं हाय. नऊ हजार म्हणायलाय. घेऊ काय?" फोटो छान होता. लोण्याच्या रंगाचं पिल्लू, गळ्यात लाल रिबन. मी एकच विचारलं, "याची आई बघितलीस काय?" तो हसला. म्हणाला, "काका, पिल्लू घ्यायचंय, आई कशाला बघायची?"

सहा वर्षांमागं कुणी मला हे विचारलं असतं तर मीही असाच हसलो असतो. म्हणून लिहायला बसलोय. जरा लांबेल, पण घरात पिल्लू आणायचा विचार असेल तर शेवटपर्यंत वाचा.

मी १९७० चा बी.कॉम., धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचा. पुढची सगळी नोकरी एका राष्ट्रीयीकृत बँकेत झाली आणि त्यातली बरीच वर्षं शेतीकर्जाच्या टेबलावर गेली. १९८० नंतर आयआरडीपी, म्हणजे एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम, जोरात होता. छोट्या शेतकऱ्याला २५ टक्के अनुदान, अल्पभूधारकाला आणि शेतमजुराला एक तृतीयांश. निपाणी भागातल्या शाखेत असताना म्हशींसाठी मी किती कर्जं दिली त्याचा हिशोब नाही. पण म्हैस डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत हा नियम. जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन बाजारात जायचं. दात बघायचे, कास बघायची, चारी सडांतनं धार नीट येते काय बघायचं, कितव्या वेताची ते विचारायचं, आणि खाली बांधलेलं रेडकू तिचंच आहे काय हे तर हमखास तपासायचं. कारण हेडी लोक दुसरीचं रेडकू आणून आटत आलेली म्हैस ताजी व्यालेली म्हणून खपवायचे. मग विमा, कानात बिल्ला, आणि महिनाभरानं परत गोठ्यात जाऊन तीच म्हैस आहे ना याची खात्री. एकच म्हैस तीन कर्जदारांच्या दारात उभी केलेली मी स्वतः पकडलीय.

एवढं सगळं तीन-साडेतीन हजारांच्या म्हशीसाठी. आणि स्वतःच्या घरात जीव आणायची वेळ आली तेव्हा मी काय केलं? मोबाईलवर फोटो बघितला आणि पैसे पाठवून दिले.

२०१९ चा मे महिना होता. नातू पुण्याहून सुट्टीला आला होता, तेव्हा नऊ वर्षांचा. त्याला लॅब्राडोरच पाहिजे होता. मी एका जाहिरातीवरनं फोन केला. माणूस गोड बोलायचा. "साहेब, आई-बाप दोन्ही चॅम्पियन, आमच्याकडंच आहेत," म्हणून आईचा फोटोही पाठवला. मी म्हटलं, येऊन बघतो. तर म्हणाला, "वयस्कर माणसं तुम्ही, एवढ्या लांब कशाला येताय? मीच हायवेला आणून देतो." मला वाटलं, किती सज्जन माणूस!

खानापूरजवळ हायवेला एक पोरगा मोटरसायकलवरनं आला. पुठ्ठ्याचं खोकं, त्यात टॉवेल, टॉवेलात पिल्लू. सोबत लसीकरणाचं पुस्तक. दहा मिनिटांत व्यवहार संपला. पावती नाही. आयुष्यभर व्हाउचरशिवाय रुपया न सोडलेला माणूस मी, पावती मागायचं सुचलं सुद्धा नाही. नातू गाडीतच त्याचं नाव ठेवून मोकळा झाला, सिंबा.

तिसऱ्या दिवशी सिंबानं खाणं सोडलं. मग उलट्या, मग रक्ताची परसाकड. त्याचा वास घरभर. डॉक्टरांनी तोंड उघडून बघितलं आणि म्हणाले, "साहेब, मागच्या दाढा अजून धड बाहेर नाहीत. हे ४५ दिवसांचं नव्हे. जेमतेम महिन्याचं असेल." मग त्यांनी पुस्तक उघडून माझ्यापुढं ठेवलं. लिहिलेली जन्मतारीख आणि पहिल्या लसीची तारीख यांत बारा दिवसांचं अंतर. पिल्लाचे डोळे उघडायचे ते दिवस, आणि तेव्हा म्हणे लस दिली! असला चेक काउंटरवर आला असता तर मी तिथंच परत केला असता. ते पुस्तक तीन दिवस माझ्या टेबलावर पडून होतं.

सलाईन झालं, गाडी करून बेळगावला नेऊन झालं. पार्व्हो होता. आमच्या घरी आल्यापासून सहाव्या दिवशी पहाटे सिंबा गेला. मागच्या परसात काजूच्या झाडाखाली पुरला. नातू रडून रडून थकला आणि मग मला विचारलं, "आजोबा, त्याची आई कुठाय? तिला सांगायला पाहिजे ना?"

काय उत्तर देणार? मला ती कुठं आहे हे माहीतच नव्हतं. आहे की नाही हेही माहीत नव्हतं. आमची ही एवढंच म्हणाली, "बँकेत होता तेव्हा परक्याची म्हैस बघायला चार खेपा घालायचात." त्यावर मी काही बोललो नाही.

दोन-तीन महिन्यांनी पुतण्यानं दुसऱ्याच गावच्या, दुसऱ्याच माणसाची जाहिरात पाठवली. त्यात आईचा फोटो तोच! तीच कुत्री, तीच हिरवळ, तोच पट्टा. तीन दारांत उभी केलेली ती म्हैस मला आठवली.

डॉक्टरांनी नंतर शांतपणे समजावलं ते सगळ्यांना माहीत असावं म्हणून लिहितो. पिल्लाला सुरुवातीचं संरक्षण आईच्या दुधातनं मिळतं. ते हळूहळू उतरतं. लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान सुरू करायची आणि दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस, तो सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर. हे पुरं होईपर्यंत पिल्लू रस्त्यावर सोडायचं नाही. महिन्याच्या पिल्लाला आईपासनं तोडून, दहा घरच्या पिल्लांत मिसळून, खोक्यातनं प्रवास करवला की आजार धरणारच. शिवाय पिल्लं भावंडांत खेळताना चावा किती जोरात घ्यायचा हे शिकतात. लवकर तोडलेलं पिल्लू ते शिकत नाही, आणि मग आपण म्हणतो कुत्रं चावरं निघालं. आणखी एक. पार्व्होचे विषाणू मातीत कित्येक महिने, वर्षभरही टिकतात. फिनेल टाकून भागत नाही, ब्लीचिंग लागतं. "वर्षभर तरी दुसरं पिल्लू या अंगणात आणू नका," असं त्यांनी बजावलं. वर्ष सरतंय तोवर कोरोना आला.

कायदा नाही असं समजू नका. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्र सरकारनं २०१७ साली कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांचे नियम काढलेत. पैदास करणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी करायची. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. दीड वर्षाच्या आतल्या मादीपासून पिल्लं घ्यायची नाहीत. वर्षात एकदाच वेत आणि जन्मात पाचच. म्हणजे बाजारात सर्रास "४५ दिवसांचं पिल्लू" म्हणून जे चालतं तेच मुळात नियमाबाहेर आहे, कारण आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस. ते अकरा दिवस विकणाऱ्याला महाग पडतात. पिल्लं खायला लागलेली असतात, घाण करतात, खर्च वाढतो. आणि गिऱ्हाईकाला तर पिल्लू जितकं लहान तितकं गोड वाटतं.

कागदाबद्दलही बोलतो. "केसीआयचे पेपर आहेत," असं विकणारे छातीठोक सांगतात. केसीआय म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडिया, कार्यालय चेन्नईला. त्यांचा दाखला म्हणजे वंशावळीची नोंद. आई कोण, बाप कोण हे त्यातनं कळतं. कुत्रं निरोगी आहे असं त्यात कुठंही लिहिलेलं नसतं. सातबारा बघून विहिरीचं पाणी गोड की मचूळ ते कळतं काय? तसंच हे.

लॅब्राडोरच्या बाबतीत आईबापांची तब्येत बघणं जास्तच गरजेचं. या जातीत मागच्या पायांच्या खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा दोष वंशात उतरतो. कोपरांचंही तसंच, आणि काही वंशांत डोळ्यांचं. पिल्लू दोन महिन्यांचं असताना यातलं काही दिसत नाही. वर्ष-दोन वर्षांनी लंगडायला लागतं, तोवर जीव जडलेला असतो. जबाबदार माणूस पैदास करायच्या आधी मादीचा आणि नराचा खुब्याचा एक्स-रे काढून ठेवतो. खादाडपणाही या जातीच्या रक्तातच आहे. २०१६ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांना असं दिसलं की साधारण दर चार लॅब्राडोरांतल्या एकात भुकेवर लगाम ठेवणारं एक जनुक तुटकं असतं. म्हणून "खातंय तर खाऊ दे की" म्हणत चपात्या घालू नका. वजन वाढलं की तोच खुबा आधी बोलतो.

आता दुसऱ्या वेळची गोष्ट. २०२२ साली नातवानं परत विषय काढला. या वेळी मी म्हशीचं कर्ज समजूनच कामाला लागलो. वही केली. सात जणांना फोन लावले. प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारले, नोंदणी आहे काय आणि आईला बघायला कधी येऊ? चौघांनी फोन ठेवला. दोघं म्हणाले, व्हिडिओ पाठवतो. एकट्या बाई म्हणाल्या, "या की. पण या वेताची पिल्लं बहुतेक ठरलेली आहेत. आणि आल्याबरोबर पिल्लू मिळेल असं धरून येऊ नका."

कोल्हापूरकडच्या एका गावात त्यांचं घर. नवरा-बायको दोघं शिक्षक. घरात तीन माद्या, पैदास वर्षातनं फार तर एकदा. आम्ही दोघं आणि नातू गेलो. चप्पल बाहेर काढायला लावली, हातपाय धुवायला लावले. आजार आत येऊ नये म्हणून. पिल्लांची खोली स्वयंपाकघराला लागून, म्हणजे मिक्सरचा, कुकरच्या शिट्टीचा आवाज कानावर पडतोय. आई शेपूट हलवत आमच्याकडं आली, हात हुंगले, परत जाऊन पिल्लांत बसली. बाप तिथं नव्हता. नर दुसऱ्या गावचा, पण त्याचे कागद, एक्स-रे आणि मालकाचा नंबर सगळं फाईलला होतं. बाप जागेवर नाही म्हणून बिचकू नका, तसं असतंच. पण आई जागेवर नाही म्हटलं तर तिथनं उठायचं.

मग बाईंनी मला विचारायला सुरुवात केली. घरात दिवसभर कोण असतं? कंपाउंड आहे काय? पायऱ्या किती? रात्री कुत्रं कुठं झोपणार? "खानापूर तालुक्यातनं आलात म्हणजे जंगल जवळ, बिबट्या येत असेल की." मी म्हटलं, येतो, दोन वर्षांमागं शेजारचं कुत्रं ओसरीवरनं नेलं. "मग रात्री आतच ठेवावं लागेल. चालेल?" पावसात चार महिने तुमच्याकडं अंग वाळत नाही, गोचीड किती, भातखाचरात उंदीर, लेप्टोची लस देणार काय? सगळं विचारून झाल्यावर म्हणाल्या, "सर, राग मानू नका. वय काय तुमचं?"

"त्र्याहत्तर."

"लॅब दहा-बारा वर्षं जगतो. पहिली दोन वर्षं नुसता धुमाकूळ. तीस किलोच्या कुत्र्यानं दोरीला हिसका दिला तर तुम्ही पडाल. तुमचा गुडघा दुखतोय हे मी पायरी चढतानाच बघितलं. आणि तुमच्यानंतर याचं कोण करणार?"

खरं सांगतो, राग आला. आयुष्यभर समोरच्याला प्रश्न विचारलेला माणूस मी. पैसे माझे, आणि ही बाई माझीच उलटतपासणी घेते! पण ही म्हणाली, "बरोबर विचारायल्यात त्या." आणि मला बँकेतलं एक साधं सूत्र आठवलं. जो कर्जदार व्याजाचा दरच विचारत नाही, हप्ता किती ते विचारत नाही, नुसता "सही कुठं करू" म्हणतो, त्याच्याकडनं वसुली अवघड. फेडायचा विचार असणारा माणूस आधी चौकशी करतो. हायवेवर खोकं देणाऱ्यानं मला एक प्रश्न विचारला नव्हता.

बाईंनी पिल्लू दिलं नाही. म्हणाल्या, "तुम्हाला पिल्लू नको, राणी न्या." राणी म्हणजे पिल्लांची आई. सहा वर्षांची, तिसरं आणि शेवटचं वेत. शहाणी, घरात राहायला शिकलेली, दोरी न ओढणारी. पिल्लं आपापल्या घरी गेली की ऑपरेशन करून देऊ म्हणाल्या. पण अट एक. मुलाला फोन लावून द्या.

तिथंच पुण्याला फोन लावला. बाईंनी मुलाला सरळ विचारलं, आणि तो क्षणभर थांबून म्हणाला, "बाबांच्यानंतर राणी आमच्याकडं येईल." आमच्या घरात हा विषय मोठ्यानं बोलला गेला तो पहिल्यांदाच. बँकेत हजार लोकांना मी "नॉमिनेशन करा, मृत्युपत्र करा" म्हणून सांगितलं असेल. स्वतःचं मृत्युपत्र केलं नव्हतं. त्यानंतर दोन महिन्यांत केलं.

राणीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. ऑपरेशनचा अर्धा खर्च मी आग्रहानं दिला. आज ती नऊ वर्षांची आहे. बाईंचा अजून तीन महिन्यांनी फोन येतो, वजन किती झालं म्हणून.

आता माझं मत स्पष्ट सांगतो. आपण सगळा दोष वाईट विक्रेत्यांवर टाकतो. पण मी कॉमर्सचा माणूस. मागणी असते म्हणून पुरवठा असतो. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी पिल्लू पाहिजे, घरपोच पाहिजे, स्वस्त पाहिजे, हे म्हणणारे आपणच. त्या फोटोतल्या पिल्लाची खरी आई कुठल्यातरी पिंजऱ्यात वर्षातनं दोन-दोनदा वीत असेल, तर तो पिंजरा माझ्यासारख्याच्या पैशांनी चालतोय. सिंबाचे आठ हजार आणि औषधपाण्याचे अकरा हजार गेले त्याचं एवढं दुःख नाही. त्या आठ हजारांत मी त्या माणसाच्या पुढच्या वेताची सोय करून दिली याचं आहे.

काही जण म्हणतील, एवढं बघत बसलं तर पिल्लू मिळायचंच नाही. उशिरा मिळेल. स्थळ बघताना आपण घर बघतो, माणसं बघतो, दोन ठिकाणी चौकशी करतो. खाण तशी माती म्हणणारी माणसं आपण. बारा वर्षं घरात राहणाऱ्या जिवासाठी दोन-चार महिने थांबायला काय जातंय?

काही जण म्हणतील, गावठी कुत्रं काय वाईट? अजिबात वाईट नाही. नुसतं कुत्रं पाहिजे असेल तर गावठी पिल्लू आणा. आपल्या पावसाला, गोचिडांना तेच पुरून उरतं, आणि आई तर दारासमोरच दिसते. जातिवंतच पाहिजे तर आपल्या बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ आहे. घोरपड्यांचं संस्थान ते, मालोजीराजांनी ही शिकारी जात सांभाळली. आज तिथं तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान केंद्र आहे. पण मुधोळला पळायला रान पाहिजे. फ्लॅटमध्ये कोंडून ठेवायचं कुत्रं नव्हे ते. प्रत्येकानं आपलं घर बघून ठरवावं.

आणि लॅब्राडोरच आणणार असाल तर एवढं करा. स्वतः जाऊन आईला तिच्या घरी बघा. ती माणसाला बघून कोपऱ्यात दडत असेल तर परत फिरा. नोंदणीचा नंबर, खुब्याचा एक्स-रे, लसीचं पुस्तक मागा आणि तारखा स्वतः जुळवून बघा. ५६ दिवसांच्या आत पिल्लू उचलू नका. पावती घ्या. न जमलं तर कुत्रं परत घ्याल काय, हे विचारा. चांगला माणूस हो म्हणतो. आणि त्यानं तुम्हाला एकही प्रश्न विचारला नाही तर तिथनं उठून या.

त्या पोराला हे सगळं सांगितलं. त्यानं माझ्यासमोरच फोन लावला आणि म्हणाला, "आईला बघायला येतो." पलीकडनं काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. सध्या तो माझ्याकडनं बाईंचा नंबर मागायलाय. मी म्हटलं, देतो, पण आधी त्यांना विचारून. त्या तुला काय काय विचारतील त्याची तयारी करून ठेव.